सरळ रेषेने कोणी कामावर जात नाही

डोंबिवलीहून ठाणे बारा किलोमीटरवर आहे असे कोणी सांगितले, तर त्याला एकच विचारावे: कुठून जाऊ? नकाशावर दोन स्टेशनांच्या मध्ये पट्टी ठेवली तर साधारण १२ किलोमीटर भरतात, हे खरे. रुळांवरून तेच अंतर १४-१५ होते. गाडी काढून मानपाडा, शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव असे निघालात तर काटा २४ च्या आसपास जातो. संध्याकाळी शीळफाट्याला कंटेनरची रांग लागली, की किलोमीटर बाजूला ठेवून तास मोजावे लागतात. दोन स्टेशने तीच, आकडे तीन. पहिला आकडा आम्हाला विकला जातो आणि तिसरा आम्ही रोज भोगतो. या दोहोंतल्या फरकाची किंमत कल्याण-डोंबिवलीचा माणूस मोजतो आणि त्यातला नफा दुसरेच कोणी नेते, असे माझे म्हणणे आहे.

आधी जमीन बघा. ठाणे आणि डोंबिवली यांच्यामध्ये मोकळे मैदान नाही. दिव्याच्या बाजूला खाजण आहे, मुंब्र्याला पारसिकचा डोंगर आडवा पडला आहे, पुढे ठाण्याची खाडी आहे. उत्तरेला उल्हास नदीचे रुंद पात्र डोंबिवली आणि भिवंडीच्या गावांना एकमेकांपासून तोडून ठेवते. या पाण्यावर आणि या डोंगरावर जिथे कोणी पूल बांधला किंवा बोगदा खोदला, तिथूनच आम्ही जाऊ शकतो. दोन गावांमधले अंतर इथे निसर्गाने दिलेले नाही. ते पुलाने आणि बोगद्याने ठरते, म्हणजेच ते सरकारने ठरवलेले असते.

हे इंग्रजांच्या रेल्वेला कळले होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली. ठाण्याहून कल्याण गाठायला खाडीवर पूल बांधावा लागला, मुंब्र्याजवळ डोंगर फोडावा लागला, आणि १८५४ च्या मे महिन्यात गाडी कल्याणला पोहोचली. तरीही तो मार्ग पारसिकच्या पायथ्याने वळसा घेत जात होता. म्हणून पुढे डोंगराच्या पोटातून १.३ किलोमीटरचा बोगदा काढला. १९१६ मध्ये तो सुरू झाला. साठ वर्षांपूर्वी घातलेला मार्ग लांब पडतो हे त्यांनी मान्य केले आणि दगड फोडून अंतर कमी केले. त्यांनी ते आपल्या व्यापारासाठी केले, आमच्या प्रेमापोटी केले नाही. पण अंतर जमिनीवर कमी करावे लागते, कागदावर कमी करून भागत नाही, एवढा साधा हिशेब त्यांच्याकडे होता.

आमच्याकडे हिशेब उलटा आहे. जमिनीवर अंतर तसेच ठेवायचे आणि कागदावर ते कमी करायचे.

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोणत्याही नव्या गृहप्रकल्पाचे माहितीपत्रक उघडा. मधल्या पानावर नकाशा असतो. त्यात प्रकल्पाची इमारत ठळक रंगात, मधोमध. तिथून ठाण्याला एक रेघ जाते, ऐरोलीला एक, नवी मुंबई विमानतळाला एक. सगळ्या रेघा पट्टीने ओढलेल्या. पारसिक डोंगर नकाशात नाही, खाडी असलीच तर निळ्या रंगाचा एक नाजूक पट्टा. अजून न झालेला उन्नत मार्ग झालेल्या रस्त्याच्याच रंगात. शेजारी घड्याळाची चित्रे: अमुक १० मिनिटे, तमुक २०. आणि पानाच्या तळाशी, भिंगाने वाचावे इतक्या बारीक अक्षरात, नकाशा प्रमाणात नाही. त्या एका ओळीच्या आडोशाने माणसाची आयुष्यभराची कमाई काढून घेतली जाते. वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन तो त्या नकाशातल्या घरात राहायला येतो. पहिल्या सोमवारी सकाळी त्याला कळते की नकाशातली रेघ ज्या डोंगरावरून जाते, त्या डोंगराला त्याने अख्खा वळसा घालायचा आहे.

ही फसवणूक आहे. तिला विक्रीचे कौशल्य वगैरे म्हणू नये. दुकानदाराने वजनात दीडशे ग्रॅम मारले तर वैधमापन खात्याचा निरीक्षक त्याला पकडतो. दहा किलोमीटर मारणाऱ्याला कोण पकडते? गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराने जाहिरातीवर नोंदणी क्रमांक सक्तीचा केला, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा केला. चांगलेच केले. पण तो कोड ज्या जाहिरातीवर छापलेला असतो, तिच्याच डोक्यावर ‘ठाणे १५ मिनिटांवर’ असे निर्धास्त लिहिलेले मी आजही बघतो.

पैसे घ्यायची वेळ आली की मात्र सगळे चोख मोजतात, हे ध्यानात घ्या. रेल्वेचे तिकीट रुळांच्या लांबीवर ठरते. रिक्षाचा मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. मधे खाडी आली म्हणून रिक्षावाला सरळ रेषेचे भाडे घेत नाही, आणि त्याने का घ्यावे? पेट्रोल वळशासकट जळते. आमच्याकडून घेताना रस्ता मोजायचा आणि आम्हाला देताना नकाशा दाखवायचा, अशी ही रीत आहे.

बिल्डरला शिव्या देणे सोपे आहे, म्हणून तिथेच थांबत नाही. सरकारचे मोजमाप याहून वेगळे आहे का? शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब मुलांसाठी राखीव आहेत. अर्ज भरताना पालकाने नकाशावर आपल्या घराची जागा दाखवायची, आणि शाळा एक किलोमीटरच्या आत की तीनच्या आत यावर मुलाचा क्रम ठरतो. हे अंतर सरळ रेषेत मोजले जाते. डोंबिवलीत त्याचा अर्थ काय होतो तो बघा. शहराच्या मधोमध रेल्वे गेली आहे. पूर्वेचे घर आणि पश्चिमेची शाळा यांत रेषा ओढली तर आठशे मीटर भरतील. पण सहा वर्षांचे मूल रुळांवरून जाणार नाही. त्याची आई त्याला पादचारी पुलाच्या पायऱ्या चढवणार, गर्दीतून उतरवणार, किंवा कोपर पुलाने रिक्षा करणार. सप्टेंबर २०१९ मध्ये तो कोपर पूल धोकादायक म्हणून वाहनांना बंद झाला आणि दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये उघडला. ती दोन वर्षे पूर्व-पश्चिम वाहतुकीला ठाकुर्लीच्या अरुंद पुलाने वळसा घालावा लागला. जमिनीवरचे अंतर वाढले. कागदावरची रेषा एक सेंटिमीटरही हलली नाही.

कल्याणला तेच. १९१४ चा पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. मधली दोन वर्षे शेजारच्या एकाच पुलावर सगळ्या शहराचा भार होता. त्या काळात कल्याण पूर्वेच्या माणसासाठी पश्चिम किती लांब गेली, याची नोंद कोणत्या कार्यालयात आहे? पूल पाडताना कंत्राटाची रक्कम मोजली, गर्डरचे वजन मोजले. माणसांचे वाढलेले अंतर मोजायचे कोणाच्या डोक्यात आले नाही.

दवाखान्याचे तर बोलायलाच नको. रात्री-अपरात्री डोंबिवलीतल्या गरीब रुग्णाच्या नातेवाइकांच्या कानी जे शब्द पडतात ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहेत: ‘कळव्याला न्या.’ नकाशावर कळव्याचे मोठे रुग्णालय डोंबिवलीपासून दहा-अकरा किलोमीटर. रुग्णवाहिका मात्र शीळफाट्याने, मुंब्र्याने, अवजड वाहनांच्या गर्दीतून जाते. तिचा भोंगा वाजत असतो, पुढचा ट्रकवाला बाजू द्यायला तयारही असतो, पण त्याला सरकायला इंचभर जागा नसते. काचेतून आतल्या बाईचा सलाइनची बाटली उंच धरलेला हात दिसतो आणि गाडी जागची हलत नाही. हे मी पाहिले आहे आणि शीळ रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीही पाहिले असेल. आरोग्याच्या आराखड्यात मोठे रुग्णालय किती किलोमीटरवर आहे हे लिहिणाऱ्या माणसाने ते किती मिनिटांवर आहे हे लिहायला हवे होते. ते लिहिले असते, तर इथेच रुग्णालय मोठे करण्यावाचून गत्यंतर नाही हे कागदावरच सिद्ध झाले असते.

आता दुसरी बाजूही मांडतो, कारण सरळ रेषा मुळातच वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट, म्हणजे कायद्यांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारा कायदा, त्याच्या ११ व्या कलमात म्हणतो की केंद्रीय कायद्यातले अंतर, वेगळा हेतू दिसत नसेल तर, सपाटीवर सरळ रेषेतच मोजावे. या नियमाला कारण आहे. रस्त्याने मोजायचे म्हटले की पळवाट काढणारे तयारच असतात. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०१६ मध्ये आला. पुढच्या वर्षी केरळात उत्तर परवूरच्या एका बारने दारासमोर भिंतींचा चक्रव्यूह उभारला आणि चालत जायचे अंतर वाढवून घेतले. बार तिथेच, महामार्ग तिथेच, फक्त मधे वळणे. तिथे सरळ रेषाच न्याय देऊ शकते.

डोंबिवलीला तर हे वेगळे शिकवायला नको. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, दोनदा आमच्या एमआयडीसीत कारखान्याचा स्फोट झाला. माणसे मेली, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. स्फोटाचा हादरा मानपाडा रस्त्याने वळत येत नाही. विषारी वायू सिग्नलला थांबत नाही. धोकादायक कारखाना आणि घर यांच्यातले अंतर सरळ रेषेतच मोजले पाहिजे, एक मीटरही सूट न देता. आणि नेमकी तीच रेषा इथे कोणी राखली नाही. कारखान्यांच्या कुंपणाला खेटून घरे उभी राहू दिली.

म्हणजे नियम अगदी साधा आहे. धूर, वास, आवाज आणि आग जिथे जाते, तिथे अंतर हवेतून मोजा. माणूस जिथे जातो, तिथे ते त्याच्या पायाखालून मोजा. आमच्या राज्यकर्त्यांनी हा नियम बरोबर उलटा केला. धोक्याच्या बाबतीत रेषा विसरले आणि सोयीच्या बाबतीत रेषेवर आमची बोळवण केली.

प्रकल्पांच्या घोषणा ऐका. मोठागाव-माणकोली पुलाचे भूमिपूजन २०१६ मध्ये झाले. डोंबिवली पश्चिमेच्या काठावर उभे राहिले की पलीकडचा भिवंडीचा काठ समोर दिसतो. नदीवरचा पूल एक-सव्वा किलोमीटरचा. तो नव्हता तोवर समोर दिसणाऱ्या माणकोलीला जायला कल्याण, दुर्गाडी, कोन, रांजनोली असा वीसेक किलोमीटरचा फेरा. पूल झाला की ठाणे हाकेच्या अंतरावर, हे पहिल्या दिवसापासून सांगितले गेले आणि पहिल्या दिवसापासून त्या भावाने घरे विकली गेली. वर्षे गेली, करोना येऊन गेला, आणि मग कुठे त्यावरून वाहने धावू लागली. आज तो पूल खरोखर उपयोगी आहे, आणि ते मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. पण पुलाकडे जाताना रेतीबंदरला दिवा-वसई मार्गाचे फाटक आडवे येते. मालगाडी यायची असली की फाटक पडते आणि कोट्यवधींच्या पुलावरून वाचवलेली मिनिटे फाटकापाशी परत द्यावी लागतात. पूल बांधताना हे फाटक तिथेच होते. नकाशावरच्या रेषेला मात्र फाटक नसते.

कल्याण-डोंबिवलीतून ऐरोली, घणसोली, महापेला नोकरीला जाणारे हजारो लोक आहेत. ऐरोली डोंबिवलीच्या नैऋत्येला, सरळ रेषेत अकरा-बारा किलोमीटरवर. ही माणसे लोकलने आधी ठाण्याला जातात, तिथला जिना चढून-उतरून नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटावर ट्रान्स हार्बर पकडतात आणि उलट फिरून ऐरोलीला येतात. हा द्राविडी प्राणायाम थांबवणारा कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यातले दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाले, पण ते ठाणे-वाशी मार्गावर. कल्याणच्या माणसासाठी जो तुकडा हवा होता, तो पुनर्वसनाच्या प्रश्नात अडकून पडला. रस्त्याने जाणाऱ्यांसाठी पारसिक डोंगरातून ऐरोली-काटई नाका हा सुमारे बारा किलोमीटरचा मार्ग २०१८ पासून बांधला जातो आहे. या मार्गाच्या भरवशावर काटई परिसरात घेतलेल्या घरांचे हप्ते मात्र एक महिनाही थांबले नाहीत.

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ ला पंतप्रधानांच्या हस्ते कल्याणला झाले. मार्ग २४.९ किलोमीटरचा. ठाणे-कल्याण रेल्वेने २० किलोमीटर आहे. भिवंडीला मेट्रो हवीच, त्या शहराला लोकलही धड मिळालेली नाही. पण मग कल्याणकराला खरे सांगा, की ही भिवंडीची मेट्रो आहे आणि तुझा ठाण्याचा प्रवास तिने लांब होणार आहे. आणि डोंबिवली तर या मार्गावर नाहीच. उल्हास नदी आणि खाडी धरून कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून २०१६ च्या कायद्यात जाहीर झाला. कामावर जाणाऱ्या माणसाला त्यावरून नेणारी बोट कुठे आहे?

या सगळ्याचा शेवट कुठे होतो ते सांगतो. रस्ता नाही, मेट्रो नाही, बोट नाही, म्हणून सगळी गर्दी लोकलवर येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. २००८ मध्ये मंजूर झालेले काम. त्यानंतर पारसिक बोगद्यातला सरळ मार्ग मेल-एक्सप्रेसला गेला आणि आमच्या जलद लोकल मुंब्र्याच्या वळणावरून जाऊ लागल्या. ९ जून २०२५ च्या सकाळी त्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लटकणारी माणसे एकमेकांना घासली आणि खाली पडली. त्याच दिवशी चौघांचा जीव गेला. ती माणसे हौसेने दारात उभी नव्हती. आत पाय ठेवायला जागा नव्हती आणि ठाण्याला जायला दुसरी धड वाट नव्हती. वळणाची चौकशी करा, वेगाची करा, दरवाजांची करा. पण लाखो लोकांची घरे ज्यांनी रेषेच्या भरवशावर इथे बांधू दिली आणि त्या रेषेच्या जागी रस्ता दिला नाही, त्यांची चौकशी कोण करणार?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. घराच्या जाहिरातीत अंतर छापायचे असेल तर ते आज अस्तित्वात असलेल्या रस्त्याने किंवा रेल्वेने छापा, आणि वेळ छापायची असेल तर कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ ते साडेदहाची छापा. न झालेला पूल नकाशात दाखवायला बंदी घाला. शाळाप्रवेशात मूल चालू शकेल त्या वाटेने मोजा. आज प्रत्येकाच्या फोनला ती वाट कळते, सरकारी संकेतस्थळालाही कळवता येईल. रुग्णालय आणि अग्निशमन केंद्र किती मिनिटांवर आहे हे प्रत्येक प्रभागाच्या फलकावर लावा. पूल बंद केलात तर त्याच दिवशी वाढलेले अंतर जाहीर करा, म्हणजे तो लवकर न उघडण्याची लाज वाटेल.

आणि हे होईपर्यंत ग्राहकांनी हात बांधून बसू नये. २०१६ च्या रेरा कायद्याचे १२ वे कलम सांगते की जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले तर विकासकाने ते भरून द्यायचे आहे. माणसाला घर नको असेल तर सगळे पैसे व्याजासह परत करायचे आहेत. म्हणून माहितीपत्रक रद्दीत टाकू नका. कराराच्या फाइलीत लावा. विक्रेत्याने ‘१५ मिनिटे’ म्हटले तर ते त्याच्याकडून लेखी घ्या, कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता हेही लिहून घ्या. लिहून देत नसेल तर उठून या. दिलेले खोटे निघाले तर एकट्याने नको, सोसायटीतल्या शंभर जणांनी मिळून महारेराकडे तक्रार करा. बिल्डरला आणि त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या पुढाऱ्याला आमचा राग कधीच झोंबला नाही. व्याजासह परत करायची रक्कम झोंबेल.